क्लबचा फेस, स्विंगचा मार्ग आणि चेंडूचे उड्डाण

गोल्फचा चेंडू कुठे जाणार हे क्लब त्याला टेकतो त्या क्षणी ठरते. त्या क्षणी क्लबच्या डोक्याविषयीच्या दोन गोष्टी पाहायच्या असतात. फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट पृष्ठभाग, कुठे पाहतो आहे ही पहिली गोष्ट. डोके कोणत्या दिशेने सरकते आहे, म्हणजेच स्विंगचा मार्ग, ही दुसरी. दोन्ही दिशा लक्ष्यरेषेवरून मोजतात. चेंडूपासून लक्ष्यापर्यंत जमिनीवर ओढलेली काल्पनिक रेघ म्हणजे लक्ष्यरेषा. फेस तिच्या उजवीकडे पाहत असेल तर तो उघडा आणि डावीकडे पाहत असेल तर बंद म्हणतात. डोके खेळाडूच्या बाजूने येऊन पलीकडे जात असेल तर मार्ग आतून बाहेर, आणि पलीकडून येऊन खेळाडूकडे वळत असेल तर बाहेरून आत. हे सारे उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून आहे. डावखुऱ्याने डावे-उजवे उलटे वाचावे.

चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेकडे वळतो, असे अनेक वर्षे शिकवले गेले आणि काही ठिकाणी आजही सांगितले जाते. ते चूक आहे. चेंडू निघतो तो बहुतांशी फेस पाहत असतो त्या दिशेने. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या, फटक्यात सुरुवातीच्या दिशेचा सुमारे ८५ टक्के वाटा फेसचा असतो, तर आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या, फटक्यात सुमारे ७५ टक्के. उरलेला वाटा मार्गाचा. कारण साधे आहे. आदळलेला चेंडू पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात उडतो, आणि सरकत्या फेसचे घर्षण त्याला किंचित मार्गाकडे ओढून नेते. क्लबचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, जितका जास्त तितका आघात तिरपा होतो आणि ही ओढही वाढते. इंग्लंडमध्ये कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या गोष्टी नीट मांडल्या होत्या. पुढे रडारवर चालणारी मोजणी यंत्रे आली, प्रत्येक फटक्याचे आकडे डोळ्यांसमोर दिसू लागले, तेव्हा कुठे शिकवणाऱ्यांची भाषा बदलली.

क्लब आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद चिकटलेले असतात. डोक्याचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला तर तेवढ्या वेळात ते २ सेंटिमीटर सरकते. एवढ्या अवधीत मनगटाने फेस सावरणे माणसाच्या आवाक्यातले नाही, कारण मेंदूची आज्ञा हातापर्यंत पोहोचायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून ‘आघाताच्या वेळी फेस सरळ करा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. फेस सरळ यावा याची तजवीज पकडीत, उभे राहण्यात आणि स्विंगच्या आधीच्या टप्प्यांत करावी लागते.

चेंडू हवेत वळतो तो फेस आणि मार्ग यांतल्या फरकामुळे. फेस मार्गाच्या उजवीकडे पाहत असेल तर चेंडू उजवीकडे वळतो आणि डावीकडे पाहत असेल तर डावीकडे. फरक शून्य असेल आणि फटका फेसच्या मध्यावर बसला असेल तर चेंडू निघाला त्याच दिशेने सरळ जातो, मग ती दिशा लक्ष्याची असो वा नसो. फेस लक्ष्याच्या ३ अंश उजवीकडे आणि मार्गही ३ अंश उजवीकडे असेल, तर चेंडू सरळ उडूनही लक्ष्य चुकवतो. या फटक्याला पुश म्हणतात. डावीकडे गेला तर पुल.

वळणामागचे शास्त्र फिरकीचे आहे. लॉफ्टमुळे प्रत्येक चेंडूला मागे फिरणारी फिरकी मिळते. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरला ती मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास असते आणि सात नंबरच्या आयर्नला सात हजारांच्या आसपास. फिरता चेंडू हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर उचलते. एडिंबराचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिले, की गोल्फचा चेंडू इतका वेळ हवेत राहतो तो या मागच्या फिरकीमुळे. चेंडूवरचे खळगे हवेचा विरोध घटवतात आणि ही उचलही वाढवतात. विल्यम टेलर यांनी या खळग्यांचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आता फेस आणि मार्ग यांत फरक असला की ज्या अक्षाभोवती चेंडू फिरतो तो अक्षच एका बाजूला कलतो. उचलणारे बलही त्याच बाजूला झुकते आणि चेंडू तिकडे वळत जातो. मागची फिरकी आणि बाजूची फिरकी अशा दोन वेगळ्या फिरक्या चेंडूत नसतात. फिरकी एकच असते, अक्ष कललेला असतो. क्रिकेट पाहणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल, पण तुलना करताना काळजी घ्यावी. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मुख्यतः शिवणीमुळे होतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधी हवेत सरकतो तो ड्रिफ्ट मात्र गोल्फच्या वळणाचा सख्खा भाऊ आहे.

एकाच चुकीने ड्रायव्हरचा चेंडू झाडीत जातो आणि वेजचा, म्हणजे जवळच्या फटक्याच्या जास्त लॉफ्टच्या क्लबचा, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवताच्या, कडेला पडतो. याचे कारण अक्षाच्या कलण्यात आहे. अक्ष किती कलेल हे फेस-मार्ग फरकावर तर असतेच, शिवाय आघाताच्या क्षणीचा लॉफ्ट आणि डोके वर-खाली ज्या कोनात येते तो कोन, यांच्यातल्या अंतरावरही असते. ड्रायव्हरसाठी हे अंतर साधारण १२ अंश धरले, तर फेस-मार्गात फक्त २ अंशांचा फरक असला तरी अक्ष ९ ते १० अंश कलतो. मधल्या आयर्नला आघाताचा लॉफ्ट २४ अंश आणि खाली येण्याचा कोन ४ अंश धरला तर अंतर २८ अंश होते, आणि त्याच २ अंशांच्या फरकाने अक्ष जेमतेम ४ अंश कलतो. शिवाय ड्रायव्हरचा चेंडू अधिक वेळ, अधिक लांब उडतो, त्यामुळे वळायला अवकाशही जास्त. शिकाऊ खेळाडू वेजने सरळ मारतो आणि ड्रायव्हरने हरवतो, तेव्हा त्याचा स्विंग दोन क्लबांत दोन तऱ्हांचा असतोच असे नाही. बहुधा चूक तीच असते, ड्रायव्हर ती लपवत नाही.

फेसच्या तीन दिशा आणि वळणाच्या तीन तऱ्हा यांतून नऊ प्रकारची उड्डाणे होतात. ती पाठ करण्यापेक्षा प्रत्येक फटक्यानंतर दोन गोष्टी पाहण्याची सवय लावून घ्यावी. चेंडू कुठे निघाला? पुढे कुठे वळला? निघण्याची दिशा फेसविषयी सांगते. वळण फेस आणि मार्गाच्या फरकाविषयी सांगते. या दोन्हींतून मार्ग आपोआप कळतो. लक्ष्याच्या थोडा डावीकडे निघून जोरात उजवीकडे वळलेला चेंडू सांगतो, की फेस लक्ष्याच्या थोडा डावीकडे होता आणि मार्ग त्याहून बराच डावीकडे. बहुतेक खेळाडू मात्र चेंडू कुठे पडला एवढेच पाहतात, आणि चुकीचे निदान तिथेच सुरू होते.

नवशिक्यांचा सर्वांत मोठा शत्रू स्लाइस, म्हणजे जोरात उजवीकडे वळणारा चेंडू. वरच्या उदाहरणाला आकडे लावू. ड्रायव्हरचा मार्ग लक्ष्याच्या ६ अंश डावीकडे आणि फेस २ अंश डावीकडे आहे. चेंडू सुमारे अडीच अंश डावीकडे निघेल. फेस लक्ष्याच्या मानाने बंद असूनही मार्गाच्या मानाने ४ अंश उघडा आहे, म्हणून अक्ष १८ अंशांच्या आसपास उजवीकडे कलेल. २०० मीटरच्या फटक्यात डावीकडे निघालेले हे ९ मीटर भरून निघतील आणि चेंडू लक्ष्याच्या बराच उजवीकडे पडेल. आता खेळाडू काय करतो? चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो. खांदे डावीकडे गेल्याने मार्ग आणखी डावीकडे जातो, पण मनात लक्ष्य तेच असल्याने हात फेस तिकडेच राखतात. फरक ४ अंशांवरून ७-८ अंशांवर जातो आणि स्लाइस वाढतो. हे दुष्टचक्र वर्षानुवर्षे चालते. डावीकडे रोख धरणे हा स्लाइसवरचा उपाय नाही, ते स्लाइसला दिलेले खतपाणी आहे.

निदान करण्याआधी एक तपासणी चुकवू नये, ती म्हणजे चेंडू फेसवर कुठे लागला याची. ड्रायव्हरच्या डोक्याचा गुरुत्वमध्य फेसपासून बराच मागे असतो. चेंडू टोकाकडे लागला तर डोके उघडत फिरते, आणि दातेरी चाकांत घडते तसे चेंडूला उलट दिशेची फिरकी मिळून तो डावीकडे वळतो. टाचेकडे, म्हणजे दांडा बसतो त्या बाजूला लागला तर उजवीकडे. ड्रायव्हरचा फेस आडवा किंचित फुगीर असतो तो हा परिणाम सावरण्यासाठीच. फेस आणि मार्ग दोन्ही बरे असूनही टाचेकडच्या आघाताने चेंडू स्लाइस होऊ शकतो. अशा वेळी मार्ग बदलण्याचा सारा खटाटोप वाया जातो, कारण खेळाडू चेंडूपासून फार जवळ किंवा फार दूर उभा असतो, एवढेच. आयर्नमध्ये गुरुत्वमध्य फेसच्या अगदी जवळ असल्याने हा परिणाम नगण्य असतो. तपासणीचा उपाय स्वस्त आहे. फेसवर टाल्कम पावडर शिंपडावी, फटका मारावा. खळग्यांचा ठसा नेमकी जागा दाखवतो.

आघात मध्यावर बसत असेल तर पुढचे काम फेसचे, आणि फेसची किल्ली पकडीत आहे. डावा हात दांड्यावर उजवीकडे जास्त वळवून धरला, म्हणजे वरून पाहताना त्याची दोन-तीन बोटांची पेरे दिसली, तर आघाताच्या वेळी फेस बंद होण्याकडे कल असतो. हात डावीकडे वळवला तर उघडा राहण्याकडे. बेन होगन यांना सुरुवातीची अनेक वर्षे हुकने, म्हणजे जोरात डावीकडे वळणाऱ्या चेंडूने छळले. पकड डावीकडे वळवणे हा त्यांच्या बदलांपैकी एक महत्त्वाचा भाग होता, आणि पुढे त्यांची ओळख झाली ती किंचित उजवीकडे वळणाऱ्या फेडची. पकड बदलली की काही आठवडे हात परके वाटतात. त्या काळात जुन्या पकडीकडे परतण्याचा मोह आवरला पाहिजे.

मार्गावर परिणाम करणाऱ्या गोष्टी अनेक आहेत, पण चेंडूच्या जागेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. स्विंग तिरक्या प्रतलात फिरतो. सर्वांत खालच्या बिंदूच्या आधी डोके खाली आणि बाहेर जात असते, नंतर वर आणि आत. प्रतल जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल आणि आयर्न ४ अंश खाली येत असेल, तर तेवढ्यानेच मार्ग सुमारे २ अंश उजवीकडे जातो. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवून वर जाताना मारतात, म्हणून तिथे मार्ग डावीकडे सरकतो. चेंडू नकळत एक-दोन इंच पुढे गेला तर मार्ग डावीकडे जातो आणि फेसही अधिक बंद होतो. मागे गेला तर दोन्ही उलट. स्विंगला दोष देण्याआधी पायांपाशी पाहिलेले बरे. आयर्नने उखडलेल्या गवताचा पट्टा, म्हणजे डिव्हॉट, मार्गाची साक्ष देतो, पण पूर्ण नाही. तो चेंडूच्या पुढे, डोके आत वळू लागल्यावर पडतो. त्यामुळे आघाताच्या वेळच्या मार्गाहून तो किंचित डावीकडे दिसतो.

उतारावर हिशेब बदलतो. चेंडू पायांपेक्षा उंच असेल तर लॉफ्टमुळे फेसच डावीकडे पाहू लागतो, आणि जितका लॉफ्ट जास्त तितका अधिक. पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. पुण्याजवळ बावधनला टेकड्यांवर वसवलेल्या गोल्फ कोर्ससारख्या जागी सपाट उभे राहायला मिळणे हाच अपवाद. तिथे रोख बदलावा, स्विंग तसाच ठेवावा.

मुद्दाम वळवायचा फटका नियम नीट समजल्याशिवाय जमत नाही. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर झाडांच्या रांगांमधून चेंडू काढावा लागतो. समजा, ग्रीन आणि चेंडू यांच्या मधोमध झाड आहे आणि उजवीकडून वळसा घालून चेंडू डावीकडे आणायचा आहे. जुन्या शिकवणीप्रमाणे फेस ग्रीनकडे आणि शरीर झाडाच्या उजवीकडे ठेवले, तर चेंडू बहुतांशी फेसच्या दिशेने, म्हणजे थेट झाडाकडेच निघेल. योग्य मांडणी अशी: फेस झाडाच्या उजवीकडे, जिथून चेंडू निघायला हवा तिकडे, आणि मार्ग त्याहूनही उजवीकडे. फेस ग्रीनच्या उजवीकडे आहे, तरीही मार्गाच्या मानाने बंद आहे, म्हणून चेंडू डावीकडे वळून ग्रीनवर येतो. उजवीकडे वळवायचा असेल तर सारे उलट. बंद फेसमुळे लॉफ्ट घटतो, म्हणून डावीकडे वळणारा चेंडू खालून जातो आणि जास्त घरंगळतो. उजवीकडे वळणारा उंच जातो आणि लवकर थांबतो. क्लब निवडताना हे धरावे.

हवाही आपला भाग बजावते. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान समुद्रसपाटीजवळ आहे. पुणे साधारण ५६० मीटर आणि सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर. १०० मीटरमागे हवा सुमारे १ टक्का विरळ होते. विरळ हवेत चेंडूला विरोध कमी होतो, तसाच वळवणारा जोरही. सोलापूरच्या मे महिन्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या दुपारी तापलेली हवा आणखी विरळ होते, म्हणून तोच फटका थंड सकाळच्या मानाने थोडा लांब जातो आणि थोडा कमी वळतो. मुंबईची दमट हवा जड असते हा समज मात्र चुकीचा. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. वारा समोरून असेल तर वळण वाढते, मागून असेल तर घटते. पावसाळ्यात फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी आले की घर्षण घटून फिरकी कमी होते आणि चेंडू अपेक्षेपेक्षा कमी वळतो. म्हणून पावसाळी फेरीवर स्विंगचे निदान करू नये, आणि दर फटक्याआधी फेस पुसावा.

हे सारे शिकायला रोज अठरा होलचे मैदान लागत नाही. सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत, घरे आणि यंत्रमागांच्या शेड खेटून असलेल्या भागात, खरा चेंडू मोकळा मारणे धोक्याचे आहे आणि ते कधीच करू नये. पण गच्चीवर किंवा बंद शेडमध्ये चारही बाजूंनी आणि वरूनही सुरक्षित अशी जाळी आणि पोकळ प्लॅस्टिकचे किंवा फोमचे चेंडू घेऊन उत्तम काम होते. जाळीमागे जुनी जाड सोलापुरी चादर सैल लोंबती ठेवली की चेंडू आपटून परत येत नाही. जाळी चेंडूपासून ४ मीटरवर असेल तर १ अंश म्हणजे जाळीवर ७ सेंटिमीटर. लक्ष्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १४-१४ सेंटिमीटरवर एकेक उभी दोरी टांगावी. चेंडू दोऱ्यांच्या मधून गेला तर निघण्याची दिशा २ अंशांच्या आत आहे, म्हणजे फेस ताब्यात येत आहे. जाळीत वळण दिसत नाही, आणि हलक्या चेंडूचे वळण खरे धरूही नये. म्हणून मार्गासाठी वेगळा अडथळा लागतो. टॉवेलची घट्ट गुंडाळी चेंडूच्या थोडी मागे, लक्ष्यरेषेच्या पलीकडच्या बाजूला, डोक्याच्या रुंदीहून थोड्या जास्त अंतरावर ठेवावी. मार्ग बाहेरून आत असेल तर क्लब तिला लागतो, आणि मऊ असल्याने इजा होत नाही.

घरात बसूनही डोळा तयार होतो.  मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात चेंडूची वाट रंगीत रेघेने दाखवतात. अशी रेघ पाहताना ती कोणत्या दिशेने निघाली आणि किती वळली हे बोलून दाखवावे, आणि त्यावरून फेस आणि मार्ग ओळखावेत. व्यावसायिकांचे चेंडूही क्वचितच पूर्ण सरळ जातात. बहुतेकांचे एकाच बाजूला, दरवेळी सारखेच, थोडेसे वळतात. हौशी खेळाडूनेही एकच वळण आपले मानावे आणि त्यानुसार रोख धरावा.

दुरुस्तीचा क्रम पाळला नाही तर दुरुस्ती टिकत नाही. स्लाइस करणाऱ्याने पावडरच्या ठशाने आघाताची जागा तपासावी, मग पकड बदलून फेस मार्गाच्या जवळ आणावा. फेस सुधारला आणि मार्ग अजून डावीकडे असला, तर चेंडू डावीकडे निघून सरळ डावीकडेच जाऊ लागतो. हे बिघडल्यासारखे वाटते, पण फरक संपल्याची ही खूण आहे. त्यानंतरच टॉवेलच्या सरावाने मार्ग उजवीकडे न्यावा, आणि शेवटी खांदे व पाय लक्ष्यरेषेला समांतर करावेत. मार्ग आधी बदलला तर मार्गाच्या मानाने फेस तसाच उघडा राहतो, चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जातो, आणि घाबरलेला खेळाडू जुन्या स्विंगकडे परततो. हुक करणाऱ्याला हाच क्रम उलट दिशेने लागू होतो: पकड डावीकडे वळवून फेस उघडा करायचा, मग फार उजवीकडे जाणारा मार्ग लक्ष्यरेषेकडे आणायचा. त्याच्यासाठी टॉवेलची गुंडाळी चेंडूच्या मागे, लक्ष्यरेषेच्या अलीकडच्या, म्हणजे खेळाडूच्या बाजूला ठेवावी.